राजधानी हलवू नये

बाराशे वर्षांपूर्वी मोडलेल्या एका राजधानीसाठी आजही रोज भांडणारं माणूस अख्ख्या पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि माझं नशीब असं, की त्या माझ्या सख्ख्या नणंदबाई आहेत. राजधानी आपल्याकडची असती तर मी समजून घेतलं असतं. देवगिरीसाठी भांडा, विजयनगरासाठी ऊर बडवा, कोण नको म्हणतंय? पण नाही. बाईंचा जीव अडकलाय तो जपानातल्या नारा नावाच्या गावात. हे नारा फार फार पूर्वी जपानची राजधानी होतं. जेमतेम पाऊणशे वर्षं नांदलं. मग एका राजाच्या मनात आलं आणि त्याने राजधानी उचलून दुसरीकडे नेली. तिथेही धड दहा वर्षं काढली नाहीत, पुन्हा उचलली आणि क्योटोला नेऊन टेकवली. झालं. नाराचा राजवाडा पडला, त्या जागी भातखाचरं झाली, जपानी माणसांनी ही गोष्ट केव्हाच पचवली. आमच्या वन्संनी पचवलेली नाही. "चांगले सरळ रस्ते आखलेले, घरंदारं वसलेली, माणसांच्या पायांना वाटा पाठ झालेल्या, आणि हा मेला एक दिवस उठतो आणि म्हणतो, चला!" हे त्या अशा काही सुरात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, कालच कुणीतरी यांचं सामान रस्त्यावर फेकलंय.

वन्सं हा शब्द हल्ली कुणी वापरत नाही हे मलाही कळतं. लग्न होऊन सांगलीला गेले तेव्हा मी रीतसर "ताई" म्हणून हाक मारली होती. त्यावर उत्तर आलं, "ताई मला अख्खी सांगली म्हणते. शाळेतल्या मुली म्हणतात, भाजीवाला म्हणतो. एकीने तरी वन्सं म्हण की!" तेव्हापासून वन्सं. त्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. अभ्यासक्रमात जपान चार ओळींचा होता आणि त्यात नारा नव्हतंच, पण शाळेच्या ग्रंथालयात कुणीतरी दान दिलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, ते यांच्या हाती लागलं आणि पुढच्या पिढ्यांचं वाटोळं झालं. सांगलीत आज पन्नाशीच्या अशा कितीतरी बायका आहेत, ज्यांना तह आणि लढाया काही आठवत नाहीत, पण नाराचा मुख्य रस्ता उत्तरेच्या राजवाड्यापासून थेट दक्षिणेच्या वेशीपर्यंत जायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना विलोची झाडं लावलेली होती, हे त्या झोपेत सांगतील. एकीला तर पोलीस भरतीच्या तोंडी परीक्षेत काहीतरी भलतंच विचारलं असता तिने हेच सांगितलं म्हणतात. घेतलं की तिला!

आता मुद्द्याचं. वन्सं कधी जपानला गेल्या नव्हत्या. सांगलीहून पुढे म्हणजे फार तर हंपी. आमचे हे म्हणजे त्यांचं शेंडेफळ भावंड, वीस वर्षांनी धाकटं, त्यांनी कडेवर घेऊन वाढवलेलं. आम्ही डब्लिनला आलो त्या वर्षीपासून यांचं पालुपद चालू होतं, "ताई, पुढच्या वर्षी तुला नाराला नेतो. नक्की." दर वर्षी पुढचं वर्ष. मी या माणसाला बजावून बजावून थकले, की अहो, शब्द देता तर पाळा, नाहीतर देऊ नका. पण सॉफ्टवेअरवाल्यांना तारीख पुढे ढकलायची सवयच असते. अखेर डॉक्टरांनी सांगितलं, की वन्संच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध दिसणं कमी होत चाललंय, ते थांबवता येणार नाही, कडेचं राहील पण समोरचं जाईल. काय बघायचं ते वर्ष-दोन वर्षांत बघून घ्या. तेव्हा कुठे यांनी तिकिटं काढली. फेब्रुवारी दोन हजार वीसमध्ये वन्सं आमच्याकडे, डब्लिनच्या ओंगार उपनगरात, यायच्या, दोन महिने राहायच्या, आणि एप्रिलमध्ये बहीण-भाऊ नाराला. तिथल्या देवळातला तो प्रचंड ओतीव महाबुद्ध डोळे आहेत तोवर डोळे भरून बघायचा. एवढंच मागणं होतं. वन्सं आल्या, आणि पुढे काय झालं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. मार्चमध्ये सगळं बंद. विमान बंद, जपान बंद, आमच्या दारापुढचा रस्ताही बंद. मला आजही त्या दिवसांची आठवण आली, की तळपायाची आग मस्तकात जाते. रागवायचं तरी कुणावर? विषाणूला काय शिव्या घालता? म्हणून आम्ही दोघी एकमेकींवर रागावलो. घरात त्या दीड-पावणेदोन वर्षांत जितकी भांडणं झाली तितके चहासुद्धा झाले नसतील.

सत्तरी ओलांडलेल्यांनी घराबाहेर पाऊलच टाकायचं नाही, असा सरकारी हुकूम निघाला. त्याला इथे कोकूनमध्ये राहणं म्हणायचे. वन्संनी अर्थ समजावून घेतला आणि त्या कडाडल्या, "मी काय रेशमाचा किडा आहे?" मग त्या दारात उभ्या राहून आमच्या वसाहतीचा पंचनामा करायला लागल्या. ओंगारमधले रस्ते मी आजवर कधी नीट पाहिले नव्हते. वन्संनी दाखवल्यावर कळलं, की एकही रस्ता सरळ जात नाही. निघावं दुकानाला आणि पोचावं कुणाच्यातरी कचऱ्याच्या डब्यांपाशी. प्रत्येक गल्ली वळसा घेते आणि पुढे बंद होते. "हे शहर आखलं कुणी? नारात बाराशे वर्षांपूर्वी आंधळासुद्धा चुकला नसता. उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम, पाटावर रांगोळीच्या रेघा ओढाव्यात तसे रस्ते!" असं म्हणून त्यांनी आमच्या गल्ल्यांना नाराचे आकडे दिले. यांना दूध आणायला पाठवताना त्या सांगायच्या, "पूर्व दुसऱ्याने जा आणि तिसऱ्या आडव्याने ये." आणि बहिणीच्या धाकात वाढलेला हा पन्नाशीचा माणूस मुकाट्याने तसा जायचा. मी विचारलं, "तुम्हाला कळलं तरी काय ते?" तर म्हणाले, "नाही. पण दूध आणलं ना?"

समोरच्या घरात एक आयरिश आजोबा एकटेच राहतात. तेही कोकूनमध्ये होते. रोज सकाळी चहाचा मग घेऊन ते आपल्या दारात उभे राहायचे आणि वन्सं आमच्या दारात. मधे रस्ता. आजोबा ओरडून विचारायचे, कशा आहात? आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणायचे, "ग्रँड, ग्रँड." इकडे सगळंच ग्रँड असतं. पाऊस पडला, ग्रँड. पाय मोडला, तरी ग्रँड. वन्संच्या डोक्यात हा शब्द तिडीक उठवायचा. "जगात माणसं पटापट मरताहेत आणि हा बाबा ग्रँड?" एक दिवस त्यांनी आपल्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत रस्त्यापलीकडे आवाज देऊन आजोबांना नाराचा इतिहास ऐकवला. तिथेही अशीच एक साथ आली होती, देवीची. राजाचे चार मोठे मंत्री, चारही सख्खे भाऊ, एकामागोमाग गेले. राजा घाबरून इकडून तिकडे राजधान्या बदलत हिंडला, शेवटी नाराला परत आला आणि त्याने तो महाबुद्ध ओतायला घेतला. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अँड वॉज ही ग्रँड आफ्टर?" वन्संनी धाडकन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मात्र बरोबर त्याच वेळी दोघं आपापल्या दारात हजर.

क्योटोचं नाव आमच्या घरात काढायचं नाही, हा नियम मला माहीत होता. यांच्या ऑफिसला माहीत नव्हता. सगळ्यांचं काम घरून चाललेलं, त्यामुळे मीटिंगला प्रत्येक जण आपल्यामागे काहीतरी चित्र लावून बसायचा. एका पोराने क्योटोचं चित्र लावलं. वन्सं यांना नेहमीचं ताक द्यायला खोलीत शिरल्या, कडेच्या नजरेला ते चित्र दिसलं आणि हातातला पेला तसाच धरून त्या कॅमेऱ्यासमोर आल्या. "ते दुसऱ्यांदा हलवलेलं गाव आहे! त्याचं कसलं कौतुक?" मी त्या दिवशी कारखान्यातून परत आले तर हे डोकं धरून बसलेले. मी औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासते, त्यामुळे माझं काम घरून चालण्यासारखं नव्हतं. दिवसभर मास्क लावून उभी राहायची आणि घरी आल्यावर हे असले खटले. मी वन्संना म्हटलं, "अहो, भावाची नोकरी घालवाल." तर म्हणाल्या, "नोकरी जाईल. डोळे जायचे नाहीत ना?" कप्पाळ!

पण माझी खरी भांडणं झाली ती स्वयंपाकघरावरून. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. आमची लेक तर मराठी कळत असूनही तोंडातून शब्द काढते तो "इट्स इन द प्रेस, आत्या" असाच. वन्संनी येऊन महिना झाला नाही तोच माझ्या सगळ्या प्रेसांची नाराच्या नकाशाप्रमाणे फेरआखणी केली. राजा उत्तरेला बसून दक्षिणेकडे तोंड करतो, म्हणून मिठाचा डबा उत्तरेच्या प्रेसमध्ये मधोमध. त्याच्या डाव्या हाताला डाळी, उजव्या हाताला पिठं. मसाले पूर्वेच्या बाजारात, चहा-साखर पश्चिमेच्या बाजारात. नारा शहराला म्हणे पूर्वेकडे एक वेडंवाकडं शेपूट होतं, म्हणून मायक्रोवेव्हला माफी. बैठकीतून मागच्या दारापर्यंत सरळ एक वाट, तिच्यात चप्पल नको, दप्तर नको, खुर्चीचा पाय नको. कुणी काही ठेवलं की लगेच आरोळी, "राजरस्त्यात कुणाचं गाढव बांधलंय?" घर माझं, हप्ते आमचे, आणि मी स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहुणीसारखी विचारतेय, हळद कुठे आहे? सांगून सांगून मेलं कुणी ऐकत नाही. आणखी एक सवय मला फार झोंबायची. वन्सं आताशा माणसाशी बोलताना त्याच्याकडे बघायच्याच नाहीत. तोंड भिंतीकडे आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून माणसाकडे, जणू समोरचा चोरच आहे. "दिसतंय ना नीट?" असं विचारलं की फणकारायच्या, "मला सगळं दिसतं. तुझ्या कपाळावरची आठीसुद्धा."

दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा सगळं कडेकोट बंद झालं. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. त्या वेळी यांना सुचलं, की नारात देवाची हरणं मोकळी हिंडतात, तशी डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्येही आहेत. नारा नाही तर नाही, ताईला हरणं तरी दाखवू. वन्संनी लगेच बिस्किटं भाजली, कारण नारात हरणांना बिस्किटं देतात म्हणे. निघालो. आणि पार्क येण्याच्या थोडं आधी रस्त्यात पोलीस उभा. इकडे त्याला गार्डा म्हणतात. त्याने अदबीने विचारलं, कुठे निघालात? हे गडबडून "औषध" वगैरे पुटपुटायला लागले. मागच्या सीटवरून वन्सं कडाडल्या, "खोटं बोलू नकोस! मास्तरणीचा भाऊ ना तू?" मग काच खाली करून त्यांनी सगळं खरं सांगितलं. नारा, हरणं, डोळे, डॉक्टर. गार्डाने ऐकून घेतलं. तो कोवळा होता बिचारा, त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण म्हणाला, माफ करा, हरणं पाच किलोमीटरच्या पुढे आहेत, आणि त्यांना खायला घालायलाही बंदी आहे. आम्ही गाडी वळवली. वन्संनी ती बिस्किटं घरी येऊन डब्यात ठेवली नाहीत, टाकली नाहीत. स्वतःच एकेक करून खाल्ली, समोर भिंतीकडे बघत. मला इतका संताप आला होता, की मी भांडी आपटून घासली. कुणाचा संताप ते आजही सांगता येणार नाही. गार्डाचा नव्हता, वन्संचाही नव्हता. एका बाईला एक गाव बघायचं होतं, त्याचं हरीण झालं, आणि आता तेही नाही. याला काय म्हणायचं?

त्याच रविवारी माझा स्फोट झाला. वन्सं दुपारच्या झोपल्या होत्या. मी पदर खोचला आणि सगळे प्रेस उपसले. नारा बिरा गेलं खड्ड्यात, म्हटलं, माझं घर मला परत पाहिजे. मीठ चुलीशेजारी, डाळी खाली, चहा-साखर हाताशी, जसं पूर्वी होतं तसं. सगळ्या डब्यांवर मोठ्या ठळक अक्षरांत चिठ्ठ्यासुद्धा चिकटवल्या, कुणी म्हणायला नको की सांगितलं नाही. आणि हात झटकून बैठकीत जाऊन बसले.

संध्याकाळी वन्सं आमटी करायला उठल्या. बराच वेळ स्वयंपाकघरातून काही आवाज येईना. मी जाऊन बघते तर सकाळी शिजवून ठेवलेल्या डाळीची आमटी चुलीवर रटरटतेय आणि वन्सं ओट्यापाशी उभ्या. एक डबा हातात, तो नाकाशी नेऊन हुंगताहेत. तो खाली ठेवला, दुसरा उघडला, बोट घालून जिभेला लावलं. तिसरा. डब्यावर एवढं मोठं "मीठ" लिहिलेलं, पण तिकडे त्या बघतच नव्हत्या; हात मात्र उत्तरेच्या प्रेसमध्ये, मधोमध, जिथे राजा बसायचा तिथे परत परत जात होता आणि रिकामा येत होता. माझी चाहूल लागली तशा त्या वळल्या. तोंड भिंतीकडे, डोळ्यांच्या कोपऱ्यातून मी. ओरडतील असं वाटलं, मी कंबर कसूनच उभी होते. पण त्या अगदी हळू म्हणाल्या, "मेघने, राजधानी हलवलीस?"

मला तेव्हा कळलं. इतके महिने ही बाई नाराचं खूळ म्हणून माझ्या घरात नकाशे आखतेय असं मी समजत होते, आणि ती आपल्या पायांना आणि हातांना वाटा पाठ करून देत होती, डोळे जायच्या आत. समोरचं दिसणं बंद झालं होतं. ना अक्षर दिसत होतं, ना माणसाचं तोंड. कडेचं तेवढं उरलं होतं, म्हणून ते तिरकं बघणं. आणि कुणाला कळू द्यायचं नव्हतं, कारण कळलं असतं तर आम्ही नारा हा विषयच बंद केला असता. मी म्हटलं, "सांगायला काय झालं होतं तुम्हाला? तोंड शिवलं होतं का?" वन्सं तितक्याच तावातावाने म्हणाल्या, "आणि तुला विचारायला काय झालं होतं? राजधानी हलवायची तर आधी माणसांना सांगायचं असतं!" आम्ही दोघी आमटी करपेपर्यंत भांडलो. मग दोघींनी मिळून सगळे डबे पुन्हा नाराला नेऊन ठेवले. चिठ्ठ्या मी फाडून टाकल्या. करपलेली आमटी सगळ्यांनी मुकाट्याने जेवली. लेक म्हणाली, "इट्स ग्रँड, आत्या," आणि वन्संनी पहिल्यांदाच त्या शब्दाला हरकत घेतली नाही.

एप्रिलमध्ये नियम सैल झाले तसे आम्ही हरणं बघून आलो. वन्सं हरणांकडे चक्क कूस फिरवून उभ्या राहिल्या, कारण तसं उभं राहिलं की कडेच्या नजरेत ती यायची. येणारे-जाणारे बघत होते, ही म्हातारी हरणांवर रुसली की काय! एक हरीण बराच वेळ तिथेच चरत राहिलं. त्याचं वर्णन वन्संनी आजोबांना इतक्या तपशिलात ऐकवलं, की मला वाटलं मी दुसरंच काही बघून आले.

जपान मात्र उघडलं नाही. दोन हजार एकवीसचा श्रावण आला, वन्संचं परतीचं विमान दिवाळीच्या आधीचं ठरलं, आणि नारा राहिलं ते राहिलंच. यांनी एकदा चुकून "पुढच्या वर्षी" एवढे दोन शब्द उच्चारले. मी हातातलं लाटणं दाखवलं तेव्हा गप्प बसले. वन्संना त्या दिवसांत एकच ध्यास लागला, की गणपती घरी करायचा. आमच्या मागच्या बागेत फूटभर खणलं की निळसर चिकट माती लागते, ती यांनी घमेलंभर काढून दिली आणि वन्संनी डोळे मिटूनच मूर्ती घडवली. हात काय हो त्यांचे! सोंडेचं वळण, पोटावरचा नाग, सगळं बोटांनी. तरुणपणी श्रावणात त्या सांगलीतल्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायला जायच्या. हात इतका स्थिर, की लोक मागून न्यायचे, ताईंनी डोळे काढलेला गणपती द्या म्हणून. आता मूर्ती तयार झाली, रंग झाला, आणि डोळ्यांच्या जागा कोऱ्या राहिल्या. कोणी विचारायचं? हे नजर चुकवायला लागले. शेवटी मीच विचारलं, "वन्सं, आखणीचं काय?"

"नारात केली तशी करायची," त्या म्हणाल्या. मला वाटलं, झालं, आता काय नवीन! तर त्यांनी सांगितलं. महाबुद्ध ओतून तयार झाला, त्याचे डोळे उघडायचा दिवस आला, आणि ज्याने तो करवला तो राजाच आजारी. कुंचला त्याच्या हाती पेलवेना. म्हणून आपल्याकडून तिकडे गेलेला एक भिक्षू होता, घर सोडून आलेला, पुन्हा कधी न परतलेला, त्याच्या हाती कुंचला दिला. कुंचल्याला लांबच लांब निळी दोरी बांधली आणि ती खाली जमलेल्या माणसांनी धरली. राजाने धरली, राणीने धरली, सगळ्यांनी. म्हणजे डोळे एकट्याने उघडले नाहीत. "ती दोरी अजून जपून ठेवलीय तिथे. तीच बघायची होती मला. बुद्ध काय, मोठा आहे, चित्रातही दिसतो."

इतक्या वर्षांत हे त्या पहिल्यांदा बोलल्या होत्या. मी कामाला निघून गेले. संध्याकाळी येऊन बघते तर माझी कपडे वाळत घालायची दोरी गायब! आयर्लंडमध्ये वर्षातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके दिवस कडक ऊन पडतं, त्या दिवशी ओळखीचे-अनोळखी सगळे एकमेकांना सांगतात, काय झकास वाळतंय आज! तसा तो दिवस. ओले कपडे बादलीत तसेच आणि निळी दोरी वन्संच्या मांडीवर गुंडाळलेली. मी घर डोक्यावर घेतलं. "सगळं सोडून माझीच दोरी सापडली? तीही आज?" वन्सं म्हणाल्या, "निळी होती गं."

चतुर्थीच्या सकाळी आमची गल्ली लोकांनी बघावी अशी झाली होती. मूर्ती पुढच्या खिडकीतल्या टेबलावर. कुंचल्याला शिवणाचा दोरा, दोऱ्याला ती निळी दोरी, दोरी खिडकीतून बाहेर, कुंपणावरून रस्त्यावर. बंद गल्ली म्हणून गाड्यांची भीती नाही. वन्संनी बंद गल्लीला बरं म्हटलेलं ते पहिल्यांदाच. दोरी धरून यांचे दोन मराठी मित्र आणि त्यांच्या बायका, आमची लेक, हे, आणि पार पलीकडे स्वतःच्या दारात, एका हातात चहाचा मग आणि दुसऱ्या हातात दोरीचं टोक घेऊन समोरचे आजोबा. मला वाटलं कुंचला वन्संच धरतील, अंदाजाने का होईना. पण त्यांनी चाचपून माझा हात शोधला आणि कुंचला माझ्या बोटांत दिला. "तू आख. मी दोरीवर." आणि खिडकीबाहेर जाऊन सगळ्यांबरोबर उभ्या राहिल्या. ज्या हातांनी आखलेले डोळे लोक मागून न्यायचे, ते हात दोरी धरून उभे. मला रडूच फुटत होतं, पण रडत डोळे काढता येतात का?

उजवा डोळा चांगला झाला. डाव्याचं बुबुळ टेकवणार, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी ओळखीचं गेलं आणि आजोबांनी सवयीने हात वर केला. दोरीचाच हात. हिसका सगळ्यांच्या हातांतून सरसरत आला आणि माझा कुंचला सटकला. बुबुळ गेलं थेट कोपऱ्यात. आजोबांना काय झालं ते कळलंच नाही, ते पलीकडून ओरडले, "ग्रँड?"

"झाले का डोळे?" वन्संनी विचारलं.

"झाले."

"कसे झालेत?"

हे मला खुणावत होते, छान म्हण, छान म्हण. पण मी पुण्याची. वाईटाला छान मी आजवर म्हटलेलं नाही. "डावा बिघडलाय," मी म्हटलं. "समोर बघतच नाहीये. कोपऱ्यातून बघतोय. मी पुसून पुन्हा काढते."

वन्सं आत आल्या. टेबलापाशी येऊन त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून मूर्तीकडे बघितलं. मूर्ती त्यांच्याकडे तशीच बघत होती. मग म्हणाल्या, "राहू दे. याला तरी कळेल, कसं दिसतं ते." आणि हसल्या. दीड वर्षात त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी त्या गेल्या. विमानतळावरसुद्धा व्हीलचेअर आणणाऱ्या पोराशी भांडण झालंच, आणि मला जाताना सांगून गेल्या, "जपान उघडलं की तू जाऊन ये. भाऊ नको. त्याला सगळंच आवडतं. तू नीट बघतेस, तुला काही म्हणता काही आवडत नाही. ती दोरी बघ, आणि मला सांग." मी हो म्हटलं. आता दर रविवारी फोन येतो, आणि मी काही बोलायच्या आत पलीकडून प्रश्न येतो, "राजधानी आहे ना जाग्यावर?"

निळी दोरी मी पुन्हा बागेत बांधली. एका टोकाला काळ्या रंगाचा डाग आहे तो धुऊन जात नाही. आजोबा सकाळी एकटेच दारात उभे असतात आणि आमच्या बंद दाराकडे बघून, सवय म्हणून, मग उंचावतात. काल संध्याकाळी मी वरण करायला घेतलं, उत्तरेच्या प्रेसमध्ये मधोमध हात घातला, आणि तो रिकामा बाहेर आला. लेकीने मीठ घेऊन चुलीपाशी ठेवून दिलं होतं. इतकी साधी गोष्ट. डबा मला समोर दिसत होता. आणि मी अशी काही कडाडले, की हे वरून धावत खाली आले.

"कुणी हलवली माझी राजधानी?"